नानाशेटनं आईची राख धुतली

विट्यावरनं पुढं गेलं की घोगरवाडी लागते. गावात माणसांपेक्षा बंगले जास्त आणि बंगल्यांपेक्षा कुलपं जास्त. ही सगळी गलाईवाल्यांची माया. जुनं सोनं आटवायचं, त्यातला मळ काढायचा आणि ते शुद्ध करून द्यायचं, हा गलाईचा धंदा. इकडची पोरं मिसरूड फुटायच्या आत भट्टीच्या धगीला जाऊन बसतात, कुणी कोईमतूरला, कुणी गुवाहाटीला. मग उतारवयात गावाकडं येऊन बंगला बांधतात, गच्चीवर सिमेंटचा गरुड नाहीतर विमान बसवतात आणि खाली पडवीत लुंगी नेसून मिसरी लावत बसतात. नानासोच्या गच्चीवर मात्र काहीच नव्हतं. गरुडाला सिमेंट लागतं.

नानासोची, गावाच्या तोंडी नानाशेटची, उमेदीची सगळी वर्षं केरळात, त्रिचूरला गेली. तिथं सोनारांच्या गल्लीत त्याचं गलाईचं दुकान होतं. पण त्याची खरी कमाई दुकानातली नव्हे, केरातली. सोनार दागिना घासतो तेव्हा सोन्याचा भुगा उडतो. तो फरशीच्या फटीत बसतो, चटईत अडकतो, कारागिराच्या केसात जातो, त्याच्या धोतराला चिकटतो. असला वर्षभराचा केर नानासो विकत घ्यायचा. मग तो जाळायचा, राख पाण्यात धुवायची, तळाला बसलेला गाळ तेजाबात टाकायचा. तेजाबात बाकी सगळे धातू विरघळतात आणि सोनं तेवढं तळाला राहतं. ह्या कामात त्याचा हात इतका बसला होता, की सोनार आपली जुनी गटारं उपसायच्या आधी त्याला बोलवायचे. स्वतःच्या बाबतीत तर तो आणखी कडक. केस वर्षातनं एकदा कापायचा, तेही दुकानात बसून, आणि कापलेले केस भट्टीत. जुन्या लुंग्या भट्टीत. एका कामगाराला सर्दी झाली होती, तर नानासोनं त्याचा रुमाल घरी धुवायला जाऊ दिला नव्हता. हे तो स्वतः अभिमानानं सांगायचा.

त्याच्या बायकोचं नाव चंद्राबाई. लग्नात तिच्या बापानं तिला पाटल्या घातल्या होत्या. पूजा झाली, पाहुणे पांगले आणि नानासोनं पाटल्या मुशीत टाकून भट्टीवर आटवल्या.

"आवं, माज्या पाटल्या कुठं हायत्या?"

"हायत की. ही बघ." त्यानं बोटाएवढी एक कांडी दाखवली.

"ही काय हातात घालू व्हय?"

"हातात कशाला घालायची? रोज भांडी घासणार, धुणं आपटणार. त्यात माझं सोनं झिजून मोरीत जाणार."

पाटल्या तिच्या बापाच्या, आणि सोनं त्याचं. चंद्राबाई तेव्हा नवी होती, तिला हा हिशेब कळायला वेळ लागला. कळला तोवर ती कांडी दुसऱ्या कुठल्यातरी मोठ्या कांडीत मिसळून गेली होती. त्यानंतर सोन्यावाल्याच्या ह्या बायकोच्या अंगावर काळ्या मण्यांतल्या दोन वाट्या सोडल्या तर सोनं चढलं नाही. लग्नकार्य आलं की ती सांगलीला जायची आणि पद्मावतीअक्काच्या दुकानातनं एक ग्रॅमचं काहीतरी घेऊन यायची. एक ग्रॅम म्हणजे वरनं सोन्याचं पाणी, आत पितळ. सगळ्या गावाला ते माहीत. बायका तिला तोंडावर विचारायच्या, "ह्ये बी पितळच का गं?" आणि ती म्हणायची, "व्हय, चिंच लावली की नवं हुतंय."

घरात खरं सोनं घातलेलं माणूस एकच. नानासोची आई, साळूबाई. तिच्या गळ्यात पुतळ्याची माळ होती. देवीचं चित्र उठवलेल्या भरीव सोन्याच्या चकत्या, एकीला एक लागून, छातीपर्यंत. नवऱ्यानं घातलेली. नवराही गलाईवालाच, पण त्याला मरून बरीच वर्षं झालेली. म्हातारी ती माळ आंघोळीलाही काढायची नाही आणि लेकाला तर तिला बोटही लावू द्यायची नाही.

"आये, जरा दे की. कसाला लावून बघतो. क्यारेट तरी कळंल."

"माजं क्यारेट मला ठावं हाय. तू तुजं बघ."

"दरोडा पडला मंजी?"

"दरोडेखोर घरातच हाय. त्याला काय दार लागतंय?"

पुढं म्हातारी अंथरुणाला खिळली. खायचं कमी झालं, जीभ मात्र तशीच. एका दुपारी तिनं सुनेला हाक मारली.

"चंद्रे, त्यो कुठं हाय?"

"गच्चीवर. टाकीचा नळ गळतोय. खाली बादली लावून बसल्यात."

"बसू दे. दार लाव. आनि ही माळ काढ माज्या गळ्यातनं."

"आत्ती, असं वंगाळ बोलू नगा."

"वंगाळ न्हाई, शानपणाचं बोलतीय. ही तुला. पर उघड दिली तर दिवस मावळायच्या आत मुशीत जाईल. तुज्या पाटल्या गेल्या तवा मी चुलीम्होरं बसून बघत हुते. काय बोलले न्हाई. मला वाटलं, लेक कर्तबगार निघाला." म्हातारीनं दम घेतला. "सांगलीला जा. त्या अक्काकडनं अशीच माळ आण, खोटी. ती मी घालते. आनि मरताना गावादेखत सांगते, माळ माज्यासंगं जाळा. जळली की कोण इचारतंय कुठं गेली म्हणून?"

चंद्राबाईनं दाराची कडी परत तपासली. "आनि ह्यांनी वळखली तर?"

"कशी वळखंल? डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय त्याच्या. आपरेशनला पैसं पडत्यात म्हणून त्यो पिकवत बसलाय."

चंद्राबाई दुसऱ्या दिवशी एसटीनं सांगलीला गेली. पद्मावतीअक्काचं दुकान गल्लीतलं, दोन माणसं आत गेली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. चंद्राबाईनं मोबाइलमधला सासूचा फोटो दाखवला.

"अगदी अशीच पायजे, अक्का. वळखू येऊ ने."

"कुणाला पायजे, चंद्राक्का?"

"सासूला."

पद्मावतीअक्का चष्म्यावरनं बघायला लागली. "तुमी माझ्याकडनं खोटं नेता ते ठीक हाय. आता म्हातारीलाबी? देवा, काय घर हाय का काय!" पण तिनं फळीवरची पेटी काढली, चार माळा फोटोशी लावून बघितल्या आणि पाचवी हातात दिली. "ही घ्या. खुद्द देवीलाबी कळायची न्हाई."

सासूच्या गळ्यात पितळ चढलं आणि खरी माळ हरभऱ्याच्या डब्यात डाळीखाली गेली. नानासो रोज सकाळी आईच्या खोलीत डोकवायचा, तब्येत विचारायचा आणि धुकट डोळ्यांनी गळ्याकडं बघायचा. पिवळं दिसलं की त्याला बरं वाटायचं.

म्हातारीनं बोललेलं करून दाखवलं. शेवटच्या दिवसांत तिनं सरपंच लालासाहेबांना बोलावून घेतलं. लालासाहेब म्हणजे माइक दिसला की हात आपोआप पुढं जाणारा माणूस. भावकी गोळा झाली होती, दारात बायका उभ्या होत्या. म्हातारी म्हणाली, "लालासाहेब, तू ऐक आनि समद्यांनी ऐका. माज्या मालकानं घातलेली ही माळ माज्यासंगं गेली पायजे. कुणी काढली तर मी हाय आनि त्यो हाय." एवढं बोलून तिनं लेकाकडं बघितलं. त्याच आठवड्यात ती गेली.

बातमी गावभर झाली. म्हातारी गेल्याचं दुःख दोन घरांना, पण नानाशेट सोनं जाळतो का नाही ह्याची उत्सुकता साऱ्या शिवाराला. पानपट्टीवर पैजा लागल्या. मयतीला एवढी गर्दी गावानं पाहिली नव्हती. विट्याहूनसुद्धा गलाईवाले गाड्या घेऊन आले. ते तर आपल्यातला माणूस सोनं जाळताना बघायला आले होते.

आणि नानासो सगळ्यांदेखत म्हणाला, "आईचा शब्द म्हंजी शब्द. माळ तिच्यासंगं जाणार."

बायकांनी पदर डोळ्याला लावले. पानपट्टीवरची निम्मी माणसं पैज हरली. लालासाहेबांनी तिथंच उभं राहून त्याला मिठी मारली.

आता नानासोच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायला हवं. लाकडाच्या जाळात सोनं जळत नाही. फार तर वितळेल, नाहीतर काळं पडून राखेत बसेल. आणि राखेतनं सोनं काढायला अख्ख्या महाराष्ट्रात त्याच्यापेक्षा चांगला माणूस कोण? म्हणजे माळही आपली आणि गावात नावही आपलं. आईनं आयुष्यभर बोट लावू दिलं नाही ती माळ आता आईच त्याच्या धंद्यात आणून टाकत होती. लोक बघत होते सरण, नानासोला दिसत होती भट्टी. त्यानं लाकडं रचताना खाली मोठा पत्रा घालायला लावला.

"पत्रा कशाला, नाना?" भावकीतल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"जमीन वली हाय, तात्या. आईला गारठा लागंल."

तात्यांच्या डोळ्यात पाणी आलं. मग रीतीप्रमाणं मयताच्या तोंडात तुळशीचं पान आणि सोन्याची कणी घालायची वेळ आली. नानासोनं खिशातनं पुडी काढली, चिमटीत काहीतरी धरलं आणि आईच्या ओठात ठेवलं. तात्यांनी दोनदा विचारलं, "घातली का?" कणी तेवढी बारीक होती.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला भावकी जमली तेव्हा नानासो आधीच येऊन बसला होता. शेजारी पोती, सुपली, नवा झाडू. अस्थी मडक्यात भरून कृष्णेला जाणार होत्या. राखही तिकडंच जायची, तशी रीत. पण नानासो म्हणाला, "राख नदीत टाकायची न्हाई. पाणी घाण हुतंय. आईच्या राखंत मी आंब्याचं झाड लावणार."

लालासाहेब तर खुळावलेच. "बघा! सोन्याचा मोह न्हाई आनि वर पर्यावरणाचा इचार! नानाशेट, तुमचा जाहीर सत्कार झाला पायजे." नानासो खाली वाकून पत्रा झाडत होता. त्यानं पत्र्याच्या कडासुद्धा झाडल्या. राख थंड व्हायच्या आत सगळी पोती टेंपोत चढली.

टेंपो दारात थांबला तेव्हा चंद्राबाई भाकरी थापत होती. पोती बघितली आणि तिच्या हातातली भाकरी परातीतच राहिली. जाळलं की संपलं, असा दोघी सासवासुनांचा हिशेब होता. नवरा मसणातनं राख पोत्यात भरून आणेल हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. राखेत पितळ सापडणार. पितळ सापडलं की तो विचारणार, खरी कुठाय. आणि हरभऱ्याचा डबा तर चुलीपासनं हातभर अंतरावर.

"आवं, मयताची राख घरात आणत न्हाईत. लोक काय म्हणतील?"

"घरात कुठं आणतोय? गच्चीवर ठिवतोय."

"कृष्णेला सोडू की. आत्तीला तिकडंच बरं वाटंल."

"आईला कुठं बरं वाटतंय ते तुला काय ठावं? जा, मोठं घमेलं आण."

तो वर गेल्यावर तिनं मोबाइल काढला आणि मोरीत जाऊन सांगलीला फोन लावला. "अक्का, ती तुमच्याकडची माळ. ती जळती का वो?"

"पितळ हाय, चंद्राक्का. जळत न्हाई. लय तापलं तर वितळतंय. का?"

"काय न्हाई."

"सासूबाईला आवडली न्हवं?"

"आवडली," चंद्राबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

भर दुपारी गाव झोपलेलं असताना नानासोनं गच्चीवर दुकान मांडलं. खाली चंद्राबाईला सगळं ऐकू येत होतं. घमेल्याचा आवाज, पाणी ओतल्याचा आवाज, मधेच खाकरणं. थोड्या वेळानं पन्हाळीतनं करडं पाणी अंगणात पडायला लागलं. सासू अशी धारेधारेनं खाली उतरत होती. चंद्राबाईला काय करावं सुचेना, तिनं पन्हाळीला हात जोडले. "आत्ती, तुमीच काढला ह्यो मार्ग. आता तुमीच निस्तरा."

वर नानासो घामानं निथळत होता. त्रिचूर सोडल्यापासनं त्याला एवढा आनंद झाला नव्हता. राख धुतली, गाळ बसला, गाळात काळपट गोळे हाताला लागले. जड होते. त्यानं ते बरणीत टाकले आणि वरनं तेजाब ओतलं. सोनं असतं तर ते तळाला निवांत पडून राहिलं असतं. पण बरणी फसफसायला लागली, तांबूस धूर निघाला आणि बघता बघता पाणी हिरवं झालं. डोळे अधू असले तरी हिरवं त्याला दिसलं. पितळ. त्यानं गोळे परत परत चाळले, राहिलेलं पोतं धुतलं, पत्रा धुतला, झाडूसुद्धा धुतला. शेवटी तळाला राहिला वर्खाचा नावापुरता गाळ आणि एक कणी. भिंग लावून बघितलं. त्यानंच आईच्या तोंडात घातलेली कणी.

त्यामुळं तर शंकेला जागाच उरली नाही. मुंगीला दिसणार नाही एवढी कणी ज्यानं राखेतनं काढली, त्याच्या हातनं भरीव पुतळ्या निसटतील कशा? म्हणजे माळ खोटीच होती.

नानासो जिना उतरून आला. कपाळाला आईची राख. चंद्राबाई चुलीशी बसली होती, पाठ हरभऱ्याच्या डब्याला टेकवून. तो समोर पाटावर बसला. आणि मग हसायला लागला.

"माझा बा लय पोचलेला माणूस हुता."

चंद्राबाईनं डब्याला पाठ आणखी रेटली. "का वो?"

"काय न्हाई. असंच." तो मान हलवत राहिला. "येवढी वर्सं. बायकोला पत्ता न्हाई, लेकाला पत्ता न्हाई. येवढी वर्सं!"

चंद्राबाईला उलगडायला क्षणभर लागला. खोटं सोनं घालून माणूस फसवायचा म्हणजे ते काम गलाईवाल्याचंच. बायकांची अक्कल तिथवर जाते, असं नानासोच्या मनातही येत नव्हतं. त्याला दिसत होता त्याचा बाप, बायकोला पितळ घालून तिच्याकडनं जन्मभर पाया पडून घेणारा. आपण तेच केलं असतं, आणि बापानं आपल्याआधी केलं. फक्त वाईट एवढंच, की तो हे कुणापाशी बोलू शकत नव्हता. संध्याकाळी तो विट्याला गेला आणि बापाच्या फोटोला हार घेऊन आला. खऱ्या फुलांचा. त्या घरात विकतची फुलं पहिल्यांदा आली.

चंद्राबाईनं मागं वळून डब्याचं झाकण घट्ट केलं.

दोन दिवसांनी नानासोनं बांधावर आंब्याचं रोप लावलं. खड्ड्यात घातली ती त्यांच्याच चुलीतली राख. लालासाहेबांनी फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. लोक रोपाला नमस्कार करायला लागले. मनुबाई म्हणजे शेजारीण, गावात काय शिजलं ते चुलीच्या आधी तिला कळायचं. तिनं तर रोपाला हळदकुंकू वाहिलं.

असंच वर्ष गेलं. नानासो घराबाहेर पडला की चंद्राबाई कडी लावायची, डब्यातनं माळ काढायची, हरभऱ्याची डाळ फुंकायची आणि आरशासमोर गळ्यात घालायची. हळूहळू तिला आरशाचाच राग यायला लागला. दाराआड घालायची असेल तर ती कांडी काय वाईट होती? तिला चारचौघांत घालायची होती. देवळात, हळदीला, बारशाला, घासलेली भांडी उन्हात मांडताना. पण नवऱ्यानं बघितली की आटली.

त्यात सांगलीच्या एका दवाखान्यानं गावात फुकट शिबिर घेतलं. फुकट म्हटल्यावर नानासोनं दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतले. आणखी काही फुकट काढून मिळतं का तेही विचारलं. पट्टी सुटली तशी त्याला लांबची पाटी वाचता यायला लागली. आता माळ त्याला लांबनंही ओळखू येणार, म्हणून चंद्राबाईनं डबा फळीवर मागं सरकवला.

म्हातारीच्या वर्षश्राद्धाला लालासाहेबांनी जाहीर सत्कार ठरवला. मंडप पडला, मागं बॅनर लागला. बॅनरवर एका बाजूला साळूबाई, दुसऱ्या बाजूला नानासो आणि मध्ये दोघांपेक्षा मोठे लालासाहेब. चंद्राबाईनं आदल्या दिवशी पद्मावतीअक्काला फोन करून सगळं सांगितलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. अक्का आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "उद्या घाला. त्यांच्या शेजारी बसून घाला. येवढ्या लोकांत त्यांना काय करता येतंय?"

सकाळी नानासो आधी मंडपात गेला. चंद्राबाई मागनं आली, पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून, आणि स्टेजवर त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. लालासाहेबांचं भाषण सुरू झालं होतं. "आज सोन्यासाठी भाऊ भावाचा गळा धरतोय. अशा काळात आपल्या नानाशेटनी डोळ्यादेखत सोनं जाळलं!" टाळ्या पडल्या. नानासोच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. लालासाहेबांनी चंद्राबाईलाही साडी दिली. ती घ्यायला ती उठली आणि तिनं पदर सोडला.

ऊन मंडपाच्या फटीतनं सरळ तिच्या गळ्यावर आलं.

नानासोचे डोळे नवे होते. जन्मभर त्यानं दुसरं काही बघितलंच नव्हतं. पितळ कितीही घासलं तरी असा रंग देत नाही. त्याला पुतळ्या दिसल्या, पुतळ्यांच्या झिजलेल्या कडा दिसल्या, आणि बाप हकनाक विकतचा हार खाऊन गेल्याचंही लख्ख दिसलं.

"काढ ती," तो ओठ न हलवता म्हणाला.

"काय काढू?"

"गळ्यातली. ती आईची हाय."

"आत्तीची जळली की. तुमीच जाळली. आत्ता त्याच्यावरच टाळ्या पडल्या न्हवं?"

"जळली ती खोटी हुती. मी राख..." तो थांबला.

"राखंचं काय?" चंद्राबाईनं माइककडं मान वळवली. "मोटं बोला. लोकान्ला ऐकू जाऊ दे."

नानासोच्या हातातला नारळ घामानं ओला झाला. "घरी चल. घरी बघतो तुला."

"बघा की. मुशीत टाका, आटवा. म्या लगेच मनुबाईकडं जाईन. पत्रा कशाला घातला ते सांगीन, गच्चीवर काय धुतलं ते सांगीन. आनि आंब्याच्या बुडाला कुनाच्या चुलीची राख हाय, तेबी." तिनं हातातली नवी साडी काखेत घेतली. "ती तितं हळदकुंकू वाहती. तिला काय वाटंल, तुमीच इचार करा."

तेवढ्यात लालासाहेब माइक घेऊन त्यांच्याकडं वळले. "आनि ह्या आमच्या वहिनी! घरातलं सोनं गेलं, पर कधी तोंडातनं शब्द काढला न्हाई. वहिनी, ही माळ मात्र अगदी म्हातारीच्या माळंवाणी दिसती हं!"

बॅनरवर म्हातारीच्या गळ्यात तीच माळ होती, फोटोत. पुढच्या रांगेतल्या बायका एकदा वर बॅनरकडं आणि एकदा चंद्राबाईकडं बघायला लागल्या. चंद्राबाईनं नवऱ्याकडं बघितलं.

"एक ग्रॅमची हाय," तो म्हणाला.

"काय? माइकमदी बोला, शेट."

"एक ग्रॅमची हाय. सांगलीची."

बायका हसल्या. मनुबाई तर पायऱ्या चढून स्टेजवरच आली. तिनं चंद्राबाईच्या गळ्यातली एक पुतळी उचलून चिमटीत धरली, उलटी केली, हातावर तोलली. "पर जड हाय गं, चंद्रे. माझी एक ग्रॅमची अशी जड न्हाई."

मनुबाई पुतळी सोडेना. ती पुतळी दाताखाली धरणार, तेवढ्यात नानासो खुर्चीवरनं उठला. खांद्यावरची शाल खाली पडली. त्यानं मनुबाईचा हात बाजूला केला.

"पितळ जडच असतंय," तो म्हणाला. माइक अजून तोंडासमोर होता, त्यामुळं हे मंडपाबाहेर चहा ढवळणाऱ्या आचाऱ्यालासुद्धा ऐकू गेलं. "मी जन्मभर हेच काम केलंय. तुला जास्त कळतंय का मला?"

"तुमालाच की," मनुबाई वरमून म्हणाली. "मग मलाबी एक आणाय पायजे. चंद्रे, कवा जायाचं सांगलीला?"

"सोमवारी जाऊ," चंद्राबाई म्हणाली. तिनं पदर मागं टाकला, माळ छातीवर सारखी केली आणि पुढच्या रांगेतल्या बायकांत जाऊन बसली. नानासो स्टेजवर एकटाच उभा राहिला, हातात नारळ धरून. आचाऱ्यानं त्याला चहा आणून दिला. तो गार झाला तरी त्यानं घेतला नाही.